निस्त्यापुरतं

मालवणात ब्राझ गोन्साल्विस सरांना लोक पाठीमागे 'अर्धो पाद्री' म्हणत. त्यात टिंगल थोडी होती आणि आदर पुष्कळ होता. सर पाद्री व्हायचं म्हणून कोवळ्या वयात गोव्याच्या सेमिनारीत गेले होते. तिथे लॅटिन शिकले, ग्रीक शिकले. झगा कायमचा अंगावर चढायला काही महिनेच उरले असताना त्यांच्या वडिलांची फतेमारी, म्हणजे शिडाचं गलबत, मंगळुराहून कौलं भरून येताना बुडाली. वडील तिच्यावर तांडेल होते, तेही तिच्याबरोबर गेले. घरात आई आणि थोरली बहीण इजाबेल, मिळवतं कोणी नाही. सर पेटी उचलून परत आले ते पुन्हा गेले नाहीत.

मी सावंतवाडीहून मालवणच्या हायस्कुलात मराठी शिकवायला आले, तेव्हा गोवा अजून पोर्तुगीजांकडे होता आणि सरांनी चाळिशी ओलांडली होती. ते संस्कृत शिकवत. ख्रिस्ती माणूस संस्कृत शिकवतो याचं बाहेरून आलेल्यांना नवल वाटे, मालवणकरांना नाही. पांढरी ड्रिलची विजार, वर बंद गळ्याचा कोट, काखेत छत्री, आणि कोटाच्या खिशात मुठीएवढं एक ग्रीक पुस्तक. ते पुस्तक म्हणजे नवा करार. त्याचं पुठ्ठ्याचं अंग झिजून मऊ पडलं होतं, आणि त्याला कायम तपकिरीचा वास येई, कारण त्याच खिशात तपकिरीची डबीही असायची.

पहिल्याच दिवशी मधल्या सुट्टीत मी शिक्षकांच्या खोलीत डबा उघडला, तर समोरून प्रश्न आला.

"बाई, निस्त्याक काय?"

"बांगड्याची उडदामेथी," मी म्हटलं.

"बरं बरं," म्हणून ते आपल्या डब्याकडे वळले. दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न. तिसऱ्या दिवशीही. मला वाटलं, माणूस खाण्याचा लोभी दिसतो. म्हणून एके दिवशी मी चार तळलेले सौंदाळे जास्तीचे नेले आणि त्यांच्यापुढे केले. सर चक्क दचकले. "नको नको, इजाबेलनं दिलंय मला. मी आपलं नुसतं विचारतो."

नुसतं विचारतो म्हणजे काय ते मला कळेना. ते प्रत्येकाला विचारत. शिपायाला, हेडमास्तरांना, बाजारातून परतणाऱ्या ओळखीच्या बायकांना. बायका टोपली दाखवीत आणि हसत पुढे जात. काही लोक मात्र सरांना लांबून बघून गल्ली बदलत, कारण एकदा थांबलं की सर पुढे विचारत, "आणि काल घरात हे कोणी विचारलं? तुम्ही बायकोला विचारलंत की तिनं तुम्हाला? कोणत्या शब्दात?"

आमच्याकडे भात किंवा पेज म्हणजे जेवण. त्याच्याबरोबर जे काही असेल ते निस्तें. घाटावर कालवण म्हणतात, तोंडीलावणं म्हणतात, त्या जातीचा शब्द. पण बंदरावरच्या घरात ते बहुतेक वेळा मासळीचंच असतं, त्यामुळे निस्तें म्हणजे मासे, असंही होऊन बसलं आहे. 'निस्त्याक काय?' हा आमच्या मुलखातला असा प्रश्न आहे की तो सकाळी विचारतात, दुपारी विचारतात, आणि पाहुणा दारात आला तर चपला काढायच्या आत विचारतात. त्यात विचारण्यासारखं काय आहे ते मला समजत नव्हतं.

आमचे गणिताचे जोशी मास्तर मिरजेकडचे, शाकाहारी. त्यांची बायको मालवणात येऊन वर्षभरात इथली भाषा बोलू लागली होती. एकदा तिनं शाळेच्या फाटकात नवऱ्याचा विसरलेला डबा आणून दिला आणि जाता जाता म्हणाली, "आज निस्त्याक बटाट्याची भाजी आहे, गार झाली तर सांगू नका." सर तिथेच उभे होते. त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी जोशींचा हात हातात घेऊन दाबला. जोशी घाबरले. सर सगळ्या शिक्षकांना दिवसभर सांगत होते, "बघा, मासे नाहीत, तरी शब्द तोच! बटाट्याची भाजी, आणि निस्त्याक!"

शेवटी एका दुपारी, रिकाम्या तासाला मी विचारलंच. "सर, या एका शब्दाच्या मागे तुम्ही एवढे का लागलात?"

त्यांनी आधी डबी काढली, चिमूट नाकाला लावली, मग ते छोटं पुस्तक काढून शेवटाकडचं एक पान उघडलं. मला ती अक्षरं वाळूवरच्या खेकड्यांच्या पावलांसारखी दिसली.

"बाई, गोष्ट साधी आहे," ते म्हणाले. "येशूला मारून टाकलंय. त्याचे सोबती आपल्या गावी परत आलेत. काय करायचं सुचत नाही. त्यातला एक म्हणतो, मी चाललो मासे धरायला. बाकीचे म्हणतात, आम्हीही येतो. आपल्या वायरी गावातली माणसं जायची तसेच. रात्रभर जाळी टाकतात. एक शिंगटीदेखील लागत नाही. पहाट होते, आणि किनाऱ्यावर एक माणूस उभा असतो. तो येशूच, मरणातून उठून आलेला, पण यांना ओळखू येत नाही. तो लांबून हाक मारून त्यांना एक प्रश्न विचारतो. त्या प्रश्नात हा शब्द आहे." त्यांनी एका शब्दावर नख ठेवलं. "प्रोस्फागिओन. अख्ख्या नव्या करारात हा एकदाच येतो. पुढे नाही, मागे नाही. मराठीत काय म्हणाल?"

"अन्न," मी म्हटलं. "किंवा खायला काही."

"हे कोण कोणाला म्हणतं?"

हा सरांचा ठरलेला प्रश्न. कोणीही कुठल्याही शब्दाचा अर्थ विचारला की सर आधी हे विचारत. संस्कृतच्या वर्गातही. पोरं त्यांची नक्कल करायची ती याच वाक्याची.

"अन्न हा शब्द पानावर बसलेला माणूस म्हणतो," ते म्हणाले. "किनाऱ्यावरून होडीतल्या माणसाला कोणी अन्न आहे का, असं ओरडून विचारील का? जुन्या इंग्रजीत इथे मीट म्हटलंय. तेव्हा मीट म्हणजे कुठलंही खाणं, पण आज वाचणाऱ्याला वाटतं, होडीत मटण कुठलं! नव्या इंग्रजीत सरळ मासे म्हणून मोकळे झालेत. तेही बरोबर नाही. 'प्रोस' म्हणजे सोबत, जवळ. 'फागिओन' खाण्यातलं. भाकरीसोबत खायचं ते. आता भाकरीसोबतचं म्हणजे त्या तळ्याकाठी मासेच असायचे, म्हणून मासेही. ओप्सारिओन म्हणून त्यांचा आणखी एक शब्द आहे, त्याचंही असंच झालं. आधी तोंडीलावणं, मग मासा." त्यांनी पुस्तक मिटलं. "दोन हजार वर्षांपूर्वीच्या लोकांच्या तोंडात शब्द जसा सरकला, तसाच आपल्याकडे सरकलाय. आणि मी सेमिनारीत हा शब्द शिकलो तेव्हा एकालाही सुचलं नाही. मलासुद्धा."

शेवटचं वाक्य बोलताना त्यांचा आवाज खाली गेला. तेव्हा मला ते नीटसं कळलं नाही. कळलं ते इजाबेलकडून.

मी त्यांच्या शेजारच्या घरात खोली घेऊन राहत होते. इजाबेल सरांहून दहा-बारा वर्षांनी मोठी, बांध्यानं आडवी, आवाजानं त्याहून आडवी. तिनं लग्न केलं नाही. भाऊ पाद्री होणार म्हणून तिनं त्याच्यासाठी झग्याच्या पट्ट्या कशिद्यानं भरून ठेवल्या होत्या, त्या पेटीतच राहिल्या. मला ती 'गो बाय' म्हणे. संध्याकाळी ती ओट्यावर सुकटं निवडत बसे आणि मी वह्या तपासत बसे.

"ह्यो शब्द तेचा काळीज खाता, गो बाय," ती एकदा म्हणाली. "आमची आवस मराक टेकली व्हती. पाद्री झाल्लो झील बघूचो व्हतो तिका, तो काय बघूक गावलो नाय. मगे म्हणाक लागली, पाद्री नाय तर नाय, माका ती तळ्यावयली कथा तरी सांग, होडयेची. ह्यो बसलो सांगूक. पोथयेत्सून सांगल्यासारखो. मुलांनो, तुमच्यापाशी काही अन्न आहे का. आवशीन डोळे उघडले. म्हणाली, अन्न? होडयेत अन्न खंयचा रे? आणि त्वांड फिरवल्यान."

"आई मग काय म्हणाली?"

"मगे काय? दुसऱ्या दिसा गेली." इजाबेलनं सुकटांच्या सुपाला एक हिसका दिला. "तो म्हणता, मी दहा वरसां शिकलंय, आणि आवशीक एक सवाल धड सांगूक शिकलंय नाय."

गोव्याची वाट तेव्हा बंद होती. सरांना ग्रीक शिकवणारे म्हातारे पाद्री पलीकडे होते, त्यांना विचारावं तर जाता येईना. गोवा सुटल्यावर पहिल्या महिन्यातच सर तिकडे गेले. दोन दिवसांनी परत आले ते खिन्न होऊन. गुरुजी हयात होते, पण त्यांना ऐकू येत नव्हतं. सरांनी पाटीवर ग्रीक शब्द लिहून दाखवला, शेजारी मालवणी शब्द लिहिला. म्हाताऱ्यांनी पाटी डोळ्यांजवळ नेऊन बराच वेळ पाहिली आणि सरांच्या डोक्यावर हात ठेवला. "आशीर्वाद शब्दाला दिला की मला, ते कळलं नाही," सर म्हणाले.

म्हणजे शब्द सापडला होता. पण सरांचं समाधान होत नव्हतं. "येशू तिथे नुसतं 'निस्त्याक काय आहे' असं विचारत नाही, बाई," ते मला सांगत. "ग्रीकमध्ये प्रश्न दोन तऱ्हेनं विचारता येतो. एक, उत्तर 'हो' येईल असं धरून. दुसरा, 'नाही' येईल असं धरून. हा दुसऱ्या तऱ्हेचा आहे. त्याला ठाऊक आहे की यांना काही लागलेलं नाही. तरी विचारतो. ते आपल्याकडे कसं विचारतात?"

ते त्यांना देवबागात ऐकू आलं. त्यावेळी मी बरोबर होते.

देवबागात त्यांच्या मावसभावाच्या मुलीचं लग्न होतं. इजाबेलनं मलाही ओढून नेलं. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं समुद्राकडच्या बाजूनं चालत होतो. देवबाग म्हणजे वाळूची एक लांब पट्टी, एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला समुद्र. उन्हं नुकती माडांच्या शेंड्यांवर आली होती. एक होडी ओढून वर घेत होते. चार माणसं, चौघांचे चेहरे उतरलेले. होडीतून उतरलेल्या माणसाला कोणी 'काय गावलं?', म्हणजे काय मिळालं, असं विचारत नाही आमच्याकडे. तो बाजाराचा प्रश्न. व्यापारी विचारतो, आणि तोही बेतानं. एवढ्यात एक बाई माडांतून खाली आली. तिनं होडीत डोकावलंसुद्धा नाही. नवऱ्याच्या खांद्यावरचं ओलं फडकं काढून घेतलं आणि हळूच म्हणाली,

"निस्त्यापुरता तरी गावला नाय मां?"

"नाय गो," तो म्हणाला.

"ऱ्हवांदे. चल, पेज निवता."

दोघं निघून गेली. मला त्यात काहीच वेगळं वाटलं नाही. आमच्याकडे रोज कुठे ना कुठे होणारं बोलणं ते. मागे वळून पाहते तर सर जागच्या जागी उभे. छत्री वाळूत रुतवलेली, दोन्ही हात तिच्या मुठीवर.

"इजाबेल," ते म्हणाले, "आयकलंस?"

"काय आयकूचा?" इजाबेल म्हणाली. "बिचाऱ्यांका काय गावूक नाय."

सर माझ्याकडे वळले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, पण चेहरा एखाद्या पोराचा असावा तसा. "बाई, येशू त्यांचा धंदा विचारत नाही. किती मिळालं, किती विकणार, हे विचारत नाही. आज घरी भाताबरोबर तुमच्या पोटात काही जाईल ना, एवढंच विचारतो. आणि नाही हे त्याला माहीत आहे." मग ते समुद्राकडे तोंड करून ते वाक्य मोठ्यानं म्हणाले. बाई म्हणाली होती तसंच, तिच्याच सुरात, फक्त सुरुवातीला 'झिलांनो', म्हणजे पोरांनो, एवढं जोडून. होडी ओढणारी माणसं चमकून पाहायला लागली.

इजाबेलनं त्यांचा कोट ओढला. "चल रे. लोक म्हणतीत अर्धो पाद्री आता पुरो पिसो झालो."

ही गोष्ट एवढ्यावर थांबली असती तर सर सुखानं राहिले असते. पण त्याच सुमाराला चर्चमध्ये बदल व्हायला लागले. तोवर मिसा, म्हणजे चर्चमधली उपासना, लॅटिनमध्ये व्हायची. पाद्री लोकांकडे पाठ करून म्हणायचे, आणि लोक आपापल्या माळा ओढायचे. आता लोकांच्या भाषेत वाचन करायचं ठरलं. त्याच वर्षी फादर मिंगेल म्हणून नवे पाद्री आले. बेळगावकडचे, तिशीच्या आतबाहेरचे, उंच, कष्टाळू माणूस. त्यांचं मराठी पुस्तकी आणि स्वच्छ होतं. ते देवबागच्या कपेलात, तिथल्या लहानशा चर्चमध्येही, मिसा करायला जात. सरांना ग्रीक येतं हे ऐकून ते स्वतः घरी आले. ईस्टरच्या आठवड्यात, बुधवारी, ती तळ्याकाठची कथा वाचायची असते. फादर लॅटिनमध्ये म्हणणार होते आणि सरांनी लोकांकडे तोंड करून तिचा मराठी अर्थ वाचायचा होता. अर्थ सरांनीच तयार करायचा.

आयुष्यात सरांना कोणी असं काम सांगितलं नव्हतं. ते पंधरा दिवस झोपले की नाही कोण जाणे. कथा त्यांनी साध्या मराठीत लिहिली, फक्त तो एक प्रश्न मालवणीत ठेवला. फादरांना दाखवायला नेली, आणि तासाभरानं परत आले ते ओट्यावर न थांबता सरळ आत गेले.

मागोमाग फादर आले. त्यांनाही वाईट वाटलं असावं. दारातूनच बोलले.

"सर, रागावू नका. एवढं एकच वाक्य बदला. हे देवाचं वचन आहे. त्याला स्वयंपाकघराचा वास येऊन कसं चालेल? लोक हसतील."

"हसूंदेत," आतून आवाज आला.

"वेदीवरून निस्त्याक म्हणायचं?"

सर बाहेर आले. "फादर, प्रभूनं वेदीवरून नाही विचारलं. वाळूवरून विचारलंय."

"तुमचं ग्रीक माझ्याहून चांगलं आहे हे मी मानतो. पण कपेल माझ्याकडे आहे. 'मुलांनो, तुमच्याजवळ काही अन्न आहे काय?' असं वाचा. त्यात चूक काय आहे?"

त्या वाक्यात काय होतं ते मला ठाऊक होतं, इजाबेलला ठाऊक होतं. फादरांना ठाऊक असण्याचं कारण नव्हतं, आणि सरांनी ते सांगितलं नाही. "बरं," एवढंच म्हणाले.

बुधवारी इजाबेल मला देवबागच्या कपेलात घेऊन गेली. त्या वर्षी मासळीनं तोंड दाखवलं नव्हतं. बांगड्याचे थवे किनाऱ्याला फिरकलेच नाहीत, कर्जानं घेतलेली जाळी सुकत पडली होती. कपेल भरलेलं होतं तरी आवाज नव्हता. बायका पुढे, पुरुष मागे भिंतीला टेकून. फादरांनी लॅटिन संपवलं. सर कागद घेऊन उभे राहिले. रात्रभर जाळी टाकली, काही लागलं नाही, इथपर्यंत आले. पहाट झाली. किनाऱ्यावर एक माणूस. सर थांबले. मी फादरांकडे पाहिलं, त्यांनी डोळे मिटले होते.

सरांनी कागद खाली केला. लोकांकडे बघून, अगदी हळू, ते म्हणाले,

"झिलांनो, निस्त्यापुरता तरी गावला नाय मां?"

कोणी हसलं नाही. मग मागून, भिंतीकडून, एका म्हाताऱ्या खलाशाचा आवाज आला. त्याला आपण बोललो याचं भानही नसावं.

"नाय रे बाबा. कायेक गावूक नाय."

एका बाईनं पदर तोंडाला लावला. दुसरीनं. सरांनी पुढचं वाचलं, उजव्या बाजूला जाळी टाका इथपासून शेवटपर्यंत, पण त्यातलं मला काही आठवत नाही. कोळशाच्या निखाऱ्यावर येशूनं आधीच मासे भाजत ठेवले होते आणि त्यांना 'या, जेवा' म्हटलं, तेवढं आठवतं.

मिसा झाल्यावर फादरांनी सरांना बाजूला बोलावलं. आवाज चढवला नाही. "मी सांगितलं होतं, तुम्ही बरं म्हणाला होता," ते म्हणाले. "लोक मिसेमध्ये मधेच बोलायला लागले. उद्या कोणीही उठून काहीही वाचेल. यापुढे तुम्ही वाचायचं नाही."

"होय फादर," सर म्हणाले. मला वाटलं, वाद घालतील. त्यांनी नाही घातला. परत येताना खाडीतून होडीनं आलो. इजाबेल सारा रस्ता फादरांना शिव्या देत होती. सर पाण्यात बोटं सोडून बसले होते. वायरीच्या वळणावर म्हणाले, "मी शब्द मोडला हे खरं आहे. फादरांचं बरोबर आहे." आणि थोड्या वेळानं, "पण आयकल्यान मां तिणां?" तिनं म्हणजे कोणी, ते आम्ही दोघींनीही विचारलं नाही.

त्यानंतर सर चर्चला जात, पण शेवटच्या बाकावर बसत. कोणी काही विचारलं तर उत्तर देत. डब्याच्या वेळी मात्र प्रश्न विचारणं त्यांनी सोडून दिलं. शिक्षकांच्या खोलीत ते चुकल्या-चुकल्यासारखं होई. जोशी मास्तर एकदा आपण होऊन म्हणाले, "सर, आज निस्त्याक वांगी." सर हसले आणि जेवू लागले.

पावसाळ्यात इजाबेल गेली. विषमज्वर झाला होता, आठवड्याच्या आत आटोपलं. मरणाऱ्याला लावतात ते शेवटचं तेल लावायला फादर मिंगेल छत्री उलटी होईल अशा वाऱ्यात आले होते. मातीही त्यांनीच दिली. दोघं एकमेकांशी कामापुरतं बोलले.

घरात चूल थंड. दोन-तीन दिवस आम्ही शेजारणी पेज नेऊन देत होतो. सर वाटी तोंडाला लावत आणि तशीच खाली ठेवत. चौथ्या दिवशी दुपारी मी पेज घेऊन गेले. बाहेर पाऊस सरीवर सरी. सर खुर्चीत बसले होते, मी वाटी पुढे ठेवली, ते तिच्याकडे बघतच राहिले. एवढ्यात फादर आले. झग्याचा घेर चिखलानं भरलेला, हातात केळीच्या पानात गुंडाळलेलं काहीतरी. ते दारात उभे राहिले. सांत्वनाचं काहीतरी पाठ करून आले असावेत, कारण तोंड उघडलं आणि मिटलं. मग त्यांची नजर पेजेच्या वाटीवर गेली. नुसती वाटी. शेजारी काही नाही.

"सर," ते म्हणाले, "निस्त्याक काय नाय मां?"

फादरांना आपण काय बोललो ते ठाऊक नव्हतं, याची मी शपथ घेईन. वर्षभर या मुलखात राहिलेला माणूस पेजेची वाटी बघून जे म्हणेल, ते ते म्हणाले होते.

सरांनी मान वर केली.

"नाय," ते म्हणाले. आणि बहिणीला माती दिल्यापासून पहिल्यांदाच रडले. मोठ्यानं, खांदे हलवून.

फादर गोंधळले. त्यांना वाटलं, आपण काही चुकीचं बोललो. मग ते सरळ आत गेले. चुलीपुढे उकिडवे बसले, शेणी रचल्या, फुंकणीनं फुंकू लागले. ओल्या दिवसांतला विस्तव, पेटता पेटेना. धुरानं त्यांचे डोळे लाल झाले. मी मदतीला गेले तर मानेनंच नको म्हणाले. निखारे झाल्यावर त्यांनी पानातले दोन सुके बांगडे त्यावर ठेवले, चिमट्यानं परतले, आणि पितळीत घालून सरांपुढे आणून ठेवले.

"जेवा, सर," ते म्हणाले.

सर जेवले. पेज सगळी संपवली. फादर समोर जमिनीवर बसले होते. जेवण झाल्यावर सरांनी हात धुतले, आणि खिशातलं पुस्तक काढून शेवटाकडचं ते पान उघडून फादरांच्या हातात दिलं. फादरांनी वाचलं. त्यांना ग्रीक सरांइतकं येत नव्हतं, पण तेवढं येत होतं. त्यांचा चेहरा हळूहळू बदलत गेला. मी वाट्या उचलून निघून आले. पुढचं त्या दोघांचं होतं.

पुढच्या ईस्टरला देवबागचं वाचन पुन्हा सरांकडे आलं, हे मला तिथल्या बायकांनी सांगितलं. मी तेव्हा मालवणात नव्हते. माझं लग्न वेंगुर्ल्याला झालं होतं. त्या प्रश्नाला, बायका सांगतात, अख्ख्या कपेलानं मिळून 'नाय' म्हटलं, आणि फादरांनीही म्हटलं.

सरांना मी शेवटचं पाहिलं ते त्यानंतर दोनेक वर्षांनी. मालवणातलं एक काम आटोपून मी देवबागवरून होडीनं पलीकडे जायला निघाले होते. सरांना भेटायचं होतं, पण ते घरी नव्हते, कुठे गेलेत कोणाला माहीत नव्हतं. होडी खाडीतून संगमाकडे वळली, तेव्हा समुद्राकडचा किनारा दिसला. रापण, किनाऱ्यावरून ओढतात ते मोठं जाळं, ओढत होते. माणसांच्या दोन लांब रांगा, दोर खांद्यावरून घेतलेले, पावलं वाळूत रोवलेली. एका रांगेत मधेच काळा झगा कमरेला खोचलेला दिसला, फादर मिंगेल. आणि त्यांच्या मागे पांढरी विजार गुडघ्यापर्यंत दुमडलेले, कोट नाही, छत्री नाही, केस पार पिकलेले सर.

मी उभी राहून हात हलवला. होडीवाला ओरडला, "बसा बाये, होडी वळता." मी सरांना जोरात हाक मारली. त्यांनी मान वळवली. मला ओळखलं असावं. पण जाळ्याला चांगलाच भार लागला होता, दोर ताणलेला होता, आणि त्यांना हात सोडता येत नव्हता. ते नुसते हसले, आणि पुढच्या हाळीला सगळ्यांबरोबर एक पाऊल मागे सरले.